मॉरिशस: सकाळी गोल्फ, दुपारी भटकंती, एका सहलीत दोन्ही जमेल का?

ठाणेकर_सुधीर | 3 मे, 20:52

नमस्कार मंडळी,

आमच्या गोल्फच्या ग्रुपमधली तीन जोडपी, म्हणजे सहाजण, मॉरिशसला जायचं म्हणतोय. आठ रात्री, जुलैचा दुसरा आठवडा. मी हा खेळ पंचावन्नाव्या वर्षी शिकलो. आमच्या घरात त्याआधी कुणी गोल्फची काठी हातात धरली नव्हती. आता हँडिकॅप (खेळाडूचा दर्जा दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) 22 आहे आणि जीव जडलाय.

अडचण अशी की सहातले तिघेच खेळतात. माझी बायको इतिहासाची निवृत्त शिक्षिका. तिने सरळ सांगितलं, "एवढ्या लांब येऊन मी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी तुमची वाट बघत बसणार नाही." तिचं बरोबरच आहे. तिला देवळं, बाजार, जुन्या वास्तू, माणसं बघायची आहेत, आणि खरं सांगायचं तर मलाही.

ट्रॅव्हलवाल्यांकडे दोनच प्रकार मिळाले. एकात रोज गोल्फ आणि बाकी काही नाही. दुसऱ्यात बसमधून सात रंगांची माती, धबधबा, शॉपिंग. आम्हाला दोन्हींचं नीट मिश्रण हवंय. राहावं कुठल्या किनाऱ्याला? किती राउंड झेपतील? आणि तिथे मराठी माणसं आहेत असं ऐकतो, ती पर्यटकाला भेटतात का?

---

मंजिरी_द | 3 मे, 21:30

दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो. नवरा खेळतो, मी नाही. अनुभवाने सांगते, बेट लहान दिसतं म्हणून फसू नका. नकाशावर लांबी 65 किलोमीटर आणि रुंदी 45, पण मध्ये डोंगर, उसातून जाणारे अरुंद रस्ते, आणि संध्याकाळी पोर्ट लुईसच्या बाजूला गाड्यांची रांग. आम्ही पूर्व किनाऱ्याला राहिलो आणि बघायचं सगळं दक्षिण-पश्चिमेला. रोज दीड तास जायला, दीड तास यायला.

तुमच्या बायकोला माझा पूर्ण पाठिंबा. तलावाकाठी बसून नवऱ्याची वाट मी पाहिलेली आहे, एकदाच.

---

पारपाच | 3 मे, 22:05

सुधीरजी, जुलैत पूर्वेला वारा जबरदस्त असतो. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे थंडीत जोर धरतात, आणि आपला पावसाळा म्हणजे तिथली थंडी. हँडिकॅप 22 असेल तर पूर्वेच्या किनाऱ्यावर चेंडू कुठे जाईल ते वारा ठरवेल.

तरी इल ओ सर्फ सोडू नका. अख्ख्या छोट्या बेटावर 18 होलचा कोर्स, जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लांगरने आखलेला, 2003 पासून सुरू. जायचं होडीने. गोल्फच्या काठ्यांच्या पिशव्या होडीत रचलेल्या, पलीकडे खारफुटी, खाली हिरवट पाणी, आणि टी-ऑफच्या (पहिल्या फटक्याच्या) आधीच माणूस अर्धा खूश झालेला असतो. पण फेअरवे (हिरवळीचे खेळायचे पट्टे) अरुंद आणि जागोजागी पाणी. चेंडू भरपूर न्या. मी चौदा घालवले. चौदाव्याला आमचा कॅडी हसून म्हणाला, "माशांना द्या सर, त्यांनाही सराव हवा."

---

निवृत्त_नाविक | 3 मे, 22:41

पोर्ट लुईसला बोटीवरून पाच-सहा वेळा उतरलोय. गोल्फमधलं मला काही कळत नाही, पण डाळपुरी खाल्ल्याशिवाय परत आलात तर गेलातच नाही असं समजा. चण्याची डाळ शिजवून, वाटून, हळद-जिरं घालून पोळीत भरतात. गूळ न घातलेली पुरणपोळीच ती! जोडीने विकतात, आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ आणि टोमॅटोचं रुगाय. कागदात गुंडाळून हातात देतात, आणि रस कोपरापर्यंत ओघळतो.

---

चिंचगूळ | 3 मे, 22:58

नाविककाका, रात्री अकरा वाजता हे वाचायला लावलंत! घरात चण्याची डाळ भिजत घातली आहे आत्ताच.

---

रानवाटा | 4 मे, 08:15

माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट लिहितो. दोन्ही एकत्र करू नका. गोल्फचा एक राउंड म्हणजे चार-साडेचार तास, त्यात आधीचा सराव, नंतरची आंघोळ, जेवण. झाले दोन वाजले. जुलैत तिथे पावणेसहाला सूर्य मावळतो. उरले साडेतीन तास, त्यातले दोन गाडीत. अशा उरल्यासुरल्या वेळात एखाद्या देशाचा इतिहास बघायचा?

शिवाय एका छोट्या बेटावर एवढे गोल्फ कोर्स, त्यांना लागणारं पाणी, किनाऱ्याची जमीन. तिथल्या सामान्य माणसाला त्यातलं काय मिळतं, हा प्रश्न मला पडतो. आम्ही बसने फिरलो, कर्नाटकातून गेलेल्या आजीच्या नातवाच्या टपरीवर चहा प्यायलो. देश तिथे भेटला.

---

पारपाच | 4 मे, 09:02

रानवाटा, वेळेचं गणित मान्य, निष्कर्ष अमान्य. रोज खेळायचं कुणी सांगितलंय? आठ दिवसांत तीन राउंड. एक दिवस गोल्फ, एक दिवस भटकंती. आणि सूर्य मावळतो लवकर तसा उगवतोही, पावणेसातला. पहिला टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घेतला तर साडेअकराला मोकळे.

---

विदुला | 4 मे, 10:20

आणि न खेळणाऱ्यांनी खेळणाऱ्यांसाठी थांबायचंच कशाला? सकाळी ते कोर्सवर, आपण गाडी आणि चालक घेऊन बाहेर. जेवायला एकत्र. आम्ही पाच बायका असंच फिरलो. पॅम्पलमूसच्या बागेत सकाळी आठला पोचलो तेव्हा परातीएवढाली कमळपानं पाण्यावर पसरलेली, कडा वर दुमडलेल्या, त्यावर दव. दुपारी तिथे गर्दी आणि ऊन. म्हणजे गोल्फवाल्यांची सकाळ तीच बागेची सकाळ. कुणाचाच वेळ वाया जात नाही.

त्याच रस्त्याला बो प्लांचा जुना साखर कारखाना आहे. 1999 ला बंद पडला, आता संग्रहालय. गुलामी, मजूर, ऊस, रम, सगळा इतिहास यंत्रांच्या मधून चालत वाचायचा आणि शेवटी साखरेचे वेगवेगळे प्रकार चाखायचे. एका काळपट साखरेला आपल्या काकवीचा वास येतो. माझ्या सासूबाई तिथे दहा मिनिटं उभ्या होत्या.

---

शशांक_पुणे | 4 मे, 11:47

थोडं अवांतर. टपाल तिकिटांची आवड असेल तर पोर्ट लुईसचं ब्लू पेनी म्युझियम. 1847 ची दोन तिकिटं, लाल एक पेनीचं आणि निळं दोन पेन्सचं. अस्सल तिकिटांवर तासातून काही मिनिटंच दिवा लावतात, एरवी प्रतिकृती बघायची. वेळ विचारून जा, नाहीतर आमच्यासारखं दारात चाळीस मिनिटं काढावी लागतील.

---

सातसमुद्र | 4 मे, 13:10

श्रीलंकेचा विचार केला का? तिकीट स्वस्त पडतं. नुवारा एलियाचा गोल्फ क्लब 1889 चा, चहाच्या मळ्यांमधल्या थंड गावात. कोलंबोचा 1879 चा, तिथे कोर्समधून चक्क रेल्वेचा रूळ जातो, गाडी आली की थांबायचं. बघायला कँडी, सिगिरिया, पोलोन्नरुवा. संस्कृती म्हणाल तर मॉरिशसच्या दहापट.

---

मंजिरी_द | 4 मे, 13:36

सातसमुद्र, श्रीलंका सुंदरच आहे, पण दहापट वगैरे नका म्हणू. मॉरिशसला हजार वर्षांचे स्तूप नाहीत हे खरं. जे आहे ते दीड-दोनशे वर्षांतलं आहे, आणि त्यातला बराच भाग आपल्याच माणसांनी घडवलेला आहे. आप्रवासी घाटावर मला जे वाटलं ते मला कुठल्या प्राचीन अवशेषापाशी वाटलेलं नाही.

---

ठाणेकर_सुधीर | 4 मे, 19:25

वा, एका दिवसात किती माहिती! पारपाच, चौदा चेंडूंचं ऐकून धीर आला, मी वीस नेईन. मंजिरीताई, आप्रवासी घाटाबद्दल सविस्तर लिहा ना. बायको शेजारी बसून वाचते आहे.

---

मंजिरी_द | 4 मे, 22:18

लिहिते. ब्रिटिशांच्या साम्राज्यात गुलामी संपली आणि मॉरिशसमध्ये 1 फेब्रुवारी 1835 ला गुलाम मोकळे झाले. उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. ती करारावर हिंदुस्थानातून नेली. पहिली तुकडी त्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 ला अॅटलस जहाजाने पोचली. पुढे 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं नेली गेली. पोर्ट लुईसच्या धक्क्यावर 1849 पासून जे आगार होतं, जिथे त्यांची नोंद व्हायची, तो आप्रवासी घाट. 2006 मध्ये युनेस्कोच्या यादीत आला.

जागा अगदी छोटी आहे. एखाद्या शाळेच्या पटांगणात मावेल एवढीच. काळ्या दगडाच्या भिंती, दवाखान्याची खोली, स्वयंपाकाची जागा, आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. बोटीतून उतरलेला प्रत्येकजण त्या पायऱ्या चढून आला. दगड मधोमध गुळगुळीत झालाय. मी पायरीवर हात ठेवला तर ऊन लागून दगड तापलेला होता. मला एकदम वाटलं, अनवाणी आले असतील की सगळे.

शेजारच्या केंद्रात जहाजाचा आतला भाग उभा केलाय, कागदपत्रं आहेत. प्रवेशाला पैसे नाहीत. रविवारी बंद, त्यामुळे रविवार गोल्फला ठेवा. आणि कृपा करून याला "पोर्ट लुईस सिटी टूर"मधली पंधरा मिनिटं देऊ नका. दोन तास ठेवा.

---

कोकणकडा | 4 मे, 23:05

मंजिरी, काटा आला अंगावर. आमच्या गावी, राजापूरकडे, "मिरचीच्या बेटावर गेला" असं जुनी माणसं एका घराबद्दल सांगायची. मिरीच म्हणजे मॉरिशस हे मला मोठेपणी कळलं. त्या घराचा चौथरा अजून आहे.

---

बोंबाये | 5 मे, 01:12

नमस्कार सर्वांना. मी मॉरिशसमधून लिहीत आहे, व्हाकोआजवळ राहते. माझ्या मराठीत चुका होतील, सांभाळून घ्या. घरी आम्ही क्रिओल बोलतो, मराठी मी शाळेत आणि मग मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत शिकले.

माझं नाव बघून हसू आलं असेल. मुंबई बंदरातून आलेले म्हणून आमच्या लोकांना इथे "बोंबाये" म्हणतात. शेजारी कुणी विचारलं तर माझी आजी अभिमानाने सांगायची, आम्ही बोंबाये. आमचे पूर्वज रत्नागिरीकडचे. इथल्या कागदावर त्यांचं पहिलं नावच आडनाव म्हणून लागलं, बहुतेकांचं तसंच झालं. म्हणून आमची आडनावं तुम्हाला ओळखू येणार नाहीत.

सुधीरकाका, तुम्ही विचारलं मराठी माणसं भेटतात का. भेटतात, पण हॉटेलच्या कार्यक्रमात नाही. देवळात भेटतात. कास्काव्हेलला या, हेन्रिएटाला या. हेन्रिएटा गावात 1896 पासून गणपती बसतो, त्याच घराण्यात अजून. आता गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सरकारी सुट्टी असते. आणि आमची झाकरी आहे. तुमच्या कोकणात जाखडी म्हणतात ना, तीच. घुंगरू, ढोलकी, गोल करून नाचतात, गाणी गणपतीची. माझे बाबा सत्तरीत आहेत, अजून गोलात उतरतात.

---

कोकणकडा | 5 मे, 07:40

जाखडी! ताई, आमच्याकडे गणपतीत रात्रभर चालते. एका पायात घुंगरू बांधतात. तुमच्याकडे कसं?

---

बोंबाये | 5 मे, 08:55

आमच्या गावातही एकाच पायात. पणजोबांनी असंच शिकवलं असं बाबा सांगतात. इतकी वर्षं झाली तरी दुसऱ्या पायात कुणी बांधलं नाही. तुमचं वाचून मी बाबांना उठवून सांगितलं.

---

चिंचगूळ | 5 मे, 09:10

धागा गोल्फचा आणि डोळ्यांत पाणी. (डाळपुरी फाटली, पण चव जमली. डाळ कोरडी वाटायला हवी होती ना नाविककाका?)

---

निवृत्त_नाविक | 5 मे, 09:48

हो. डाळ बोटचेपी शिजवायची, गाळ नाही. पाणी पूर्ण निथळू द्यायचं आणि तेच पाणी कणीक भिजवायला घ्यायचं. बंदरावरच्या बाईने मला हे दाखवलं होतं. पीठ अगदी सैल, तव्यावर तेल लावून लगेच उलटायची.

---

पारपाच | 5 मे, 12:30

बोंबायेताई, तुम्ही व्हाकोआ म्हणालात आणि मी नकाशा उघडला. सुधीरजी, तिथेच जिमखाना क्लब आहे! ब्रिटिशांच्या काळातला, 1844 चा. मॉरिशसमधला सगळ्यात जुना कोर्स. काहीजण त्याला जगातला चौथा जुना म्हणतात. कलकत्त्याचा रॉयल क्लब 1829 चा, आपल्या मुंबईतला 1842 चा, स्कॉटलंडचे त्याहून कितीतरी जुने, त्यामुळे चौथा हे काही मला पटत नाही. पण जुना आहेच. समुद्र दिसत नाही, रिसॉर्टचा झगमगाट नाही. पठारावरचा थंड, हिरवा, मोठ्या झाडांचा कोर्स, लांबीला कमी. आपल्याकडच्या जुन्या छावणीच्या कोर्सची आठवण होईल. हेन्रिएटा तिथून किती लांब?

---

बोंबाये | 5 मे, 14:02

गाडीने पंधरा मिनिटं. पावसाची शाल आणा, जुलैत इकडे रोज शिंतोडे पडतात. किनाऱ्यावर ऊन असतं तेव्हा आम्ही स्वेटरमध्ये असतो.

---

पारपाच | 5 मे, 14:20

मग ठरलं! सकाळी जिमखान्यावर राउंड, दुपारी हेन्रिएटा, तिथून गंगा तलाव. एका पट्ट्यात सगळं.

---

रानवाटा | 5 मे, 18:33

हा पट्टा मलाही आवडला, मान्य करतो. गंगा तलावाबद्दल दोन शब्द माझे. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं तळं आहे, धुकं असेल तर समोरचा काठ दिसत नाही. 33 मीटरचा मंगल महादेव रस्त्यावरूनच दिसतो, सगळे तिथे फोटो काढून निघतात. तुम्ही खाली काठावर जा. आम्ही गेलो तेव्हा एक आजी पाण्यात पाय सोडून बसली होती, पानावर कापूर लावून सोडत होती, पुटपुटत होती ते भोजपुरी होतं. महाशिवरात्रीला लोक बेटाच्या टोकांवरून पायी चालत येतात, कावडी घेऊन. आपल्या वारीसारखं. तेव्हा जमलं तर बघा, पण तो काळ वादळांचा.

---

आंबाडी | 5 मे, 20:44

मी दक्षिणेला राहण्याच्या बाजूने. बेलोंब्रला दोन कोर्स आहेत. हेरिटेजचा 2004 चा, पीटर मॅटकोविचने आखलेला, आणि ला रिझर्व्ह 2023 चा, त्याच्यासोबत गोल्फपटू लुई ओस्थायझेनने. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॉरिशस ओपन तिथे झाली आणि ती ओस्थायझेननेच जिंकली. स्वतः आखलेल्या कोर्सवर स्वतः जिंकणं, काय वाटलं असेल त्याला!

तिथून ल मॉर्नचा डोंगर जवळ, सात रंगांच्या मातीचं शामारेल जवळ, गंगा तलावही घाट चढून पाऊण तासात. वाराही पूर्वेपेक्षा सुसह्य. काही रिसॉर्टच्या पाहुण्यांना ग्रीन फी (कोर्सवर खेळायचे पैसे) लागत नाही, बग्गीचे पैसे वेगळे घेतात, बुकिंगआधी लेखी विचारून घ्या. हँडिकॅपचा दाखला न्या. कॉलरचा शर्ट लागतो.

काठ्यांची पिशवी कडक खोक्यातून न्या. आमच्या येतानाच्या विमानात एका मित्राच्या ड्रायव्हरची (लांब फटक्याच्या काठीची) मान मोडून आली, भरपाईचा अर्ज अजून चालू आहे. तीनच राउंड खेळणार असाल तर तिकडे भाड्याने घ्या, फक्त आपला पुटर (चेंडू खळग्यात ढकलायची काठी) आणि बूट न्या.

---

मंजिरी_द | 5 मे, 21:15

ल मॉर्नच्या पायथ्याशीही कोर्स आहे, नवरा तिथे खेळला. एकीकडे खाजण, एकीकडे तो 556 मीटरचा काळा कडा सरळ उभा. त्या कड्यावर पळून गेलेले गुलाम लपून राहत. लोक सांगतात, मुक्तीची बातमी घेऊन शिपाई वर चढले तेव्हा पकडायला आले असं समजून काहींनी उड्या टाकल्या. 2008 पासून तोही जागतिक वारसा. दरवर्षी 1 फेब्रुवारीला पायथ्याशी फुलं वाहतात.

नवरा म्हणाला, अकराव्या-बाराव्या होलला त्याने खेळ थांबवून फक्त वर पाहिलं. मी त्याला आदल्या रात्री ही गोष्ट सांगितली होती. न सांगता खेळला असता तर तो नुसता सुंदर डोंगर राहिला असता.

---

बोंबाये | 6 मे, 00:48

मला एक सांगायचं आहे, कुणाला दुखवायचं नाही.

युरोपने 2006 पासून साखरेचा दर टप्प्याटप्प्याने 36 टक्के उतरवला. मळेवाल्यांनी कारखाने बंद केले, समुद्राजवळच्या जमिनीवर बंगले आणि गोल्फ आले. रानवाटाजींचा प्रश्न आमच्या घरातही होतो. माझा एक मामा ऊस तोडायचा, आता त्याच मळ्याच्या जागी झालेल्या कोर्सवर हिरवळ राखतो. तो म्हणतो, काम हलकं आहे, पगार नियमित आहे. पण म्हणतो, या जमिनीतला दगड आमच्या आजोबांनी वेचला.

तुम्ही गाडीतून जाल तेव्हा उसाच्या शेतात मधोमध काळ्या दगडांचे ढीग दिसतील, काही घराएवढे उंच. पर्यटक विचारतात ही कसली देवळं. ती देवळं नाहीत. ज्वालामुखीचे दगड हातांनी उचलून, डोक्यावर वाहून मजुरांनी शेत मोकळं केलं, त्याचे ते ढीग. कोर्सच्या कडेलाही काही ठिकाणी तसेच दगड आहेत. गोल्फ जरूर खेळा. मामाला हिरवळीचं कौतुक केलेलं फार आवडतं. पण दगड दिसला तर तो कुणी तिथे ठेवला ते ध्यानात असू द्या.

---

रानवाटा | 6 मे, 07:05

ताई, माझ्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्यांदा कुणीतरी घरातलं सांगितलं. तुमच्या मामांना नमस्कार सांगा.

---

शशांक_पुणे | 6 मे, 08:30

बोंबायेताई, कोकणकडा यांच्या त्या "मिरचीच्या बेटा"वर गेलेल्या घराचा माग लागेल का? कागदपत्रं आहेत असं ऐकलंय.

---

बोंबाये | 6 मे, 09:22

मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदी आहेत. प्रत्येकाला क्रमांक होता. जहाज, वय, गाव, बापाचं नाव, अंगावरची खूण. 1860 च्या दशकापासून फोटोही. मी माझ्या खापरपणजोबांची नोंद काढली आहे. वय 22, उजव्या भुवईवर व्रण. माझ्या भावाच्याही तिथेच व्रण आहे, सायकलवरून पडल्याचा. आई म्हणते, योगायोग. मला तसं म्हणवत नाही.

गावाचं नाव इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे मोठ्याने वाचून बघावं लागतं. जहाजाचं साल माहीत असेल तर लवकर सापडतं.

---

कोकणकडा | 6 मे, 09:50

आईला फोन लावलाय. तिच्या मावशीला साल ठाऊक असेल.

---

विदुला | 6 मे, 11:15

सुधीरजी, हे सगळं वाचून मला वाटतं तुम्ही जुलै बदला. 2 नोव्हेंबरला, पहिली तुकडी पोचल्याच्या दिवशी, तिथे राष्ट्रीय सुट्टी असते आणि आप्रवासी घाटावर कार्यक्रम होतो. ऑक्टोबरअखेर हवा उबदार, पाऊस कमी, वारा पडलेला, वादळांचा मोसम अजून सुरू झालेला नसतो. गोल्फलाही जुलैपेक्षा बरं.

---

पारपाच | 6 मे, 11:40

विदुलाताईंना शंभर टक्के अनुमोदन. शिवाय दिवसही मोठा झालेला असतो, रानवाटांच्या गणितात तासभर वाढला.

---

सातसमुद्र | 6 मे, 12:02

गणपतीतच का जात नाही मग? देशभर सुट्टी, झाकरी, सगळंच.

---

ठाणेकर_सुधीर | 6 मे, 20:10

सातसमुद्र, मोह झाला होता. पण आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो, तो सोडून जाणं आईला सांगायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही.

तर आज संध्याकाळी सहाहीजण आमच्याकडे बसलो. बायकोने धागा पहिल्यापासून मोठ्याने वाचला. दगडांच्या ढिगांपाशी आली तेव्हा कुणी चहाला हात लावला नाही. ठरलं ते असं. तारखा 26 ऑक्टोबर ते 3 नोव्हेंबर. मुक्काम दक्षिणेला बेलोंब्रच्या बाजूला, शेवटच्या दोन रात्री पोर्ट लुईसजवळ. राउंड तीनच: एक बेलोंब्रला, एक ल मॉर्नला, एक व्हाकोआच्या जिमखान्यात. इल ओ सर्फ या खेपेला नाही, पारपाच, माफ करा. बायका पॅम्पलमूस आणि बो प्लां त्यांच्या त्यांच्या बघतील, मोकाची एक पूर्ण सकाळ बायकोने स्वतःसाठी राखून ठेवली आहे. 2 तारखेला सगळे घाटावर.

बोंबायेताई, आम्ही जिमखान्यावरून हेन्रिएटाला यायचं म्हणतोय. तुमच्या बाबांना भेटता येईल का? ठाण्याहून काय आणू?

---

बोंबाये | 7 मे, 00:35

बाबा म्हणतात, या, जेवायलाच या. आणायचं काही नाही. आई मात्र मागून ओरडते आहे, कोकम आणा म्हणावं.

---

कोकणकडा | 7 मे, 06:50

सुधीरजी, कोकम माझ्याकडून. घरचं आहे, राजापूरचं. आणि साल मिळालं, 1878. जाण्याआधी भेटूया, ताईंना द्यायला एक कागद देतो, त्यावर त्याचं नाव आणि बापाचं नाव लिहिलंय.